गोळीसोबत गुळवेल

मुंबईच्या वैद्यकीय नोंदींत गुळवेल दोनदा ठळकपणे आली आहे आणि दोन्ही वेळा यकृताच्या निमित्ताने. पहिली नोंद १९९३ची. परळच्या केईएम रुग्णालयात पित्तमार्ग तुंबून कावीळ झालेल्या ३० रुग्णांचे दोन गट केले होते. अशा रुग्णांची शस्त्रक्रिया जोखमीची असते. आधी काही काळ पित्ताचा निचरा करून कावीळ उतरवावी लागते आणि तेवढ्या अवधीत रक्तात जंतुसंसर्ग पसरला तर केलेले सगळे पाण्यात जाते. पित्ताचा निचरा, प्रतिजैविके आणि के जीवनसत्त्व हे नेहमीचे उपचार दोन्ही गटांना मिळाले. एका गटाला याच काळात गुळवेलीचे औषधही तोंडावाटे दिले गेले. निचऱ्यानंतर यकृताच्या चाचण्या दोन्हीकडे सारख्याच आल्या, म्हणजे यकृतावर गुळवेलीचा वेगळा असा परिणाम दिसला नाही. फरक पडला तो पांढऱ्या पेशींत. जंतू गिळण्याची आणि मारण्याची त्यांची मंदावलेली ताकद फक्त गुळवेल घेतलेल्यांमध्ये पूर्ववत झाली. नुसत्या नेहमीच्या उपचारांवरच्या निम्म्या रुग्णांना रक्तातला जंतुसंसर्ग झाला, गुळवेलीच्या गटात एकालाही झाला नाही.

दुसरी नोंद २०२१ची. करोनाच्या पहिल्या लाटेत ‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द दुधाच्या पिशवीपासून बिस्किटाच्या पुड्यापर्यंत सगळीकडे छापून येत होता आणि घरोघरी गुळवेलीचे काढे उकळत होते. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१मध्ये सहा रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. कावीळ घेऊन आलेल्या या सहाही जणांच्या बोलण्यात गुळवेल निघाली, आणि तपासणीत बहुतेकांच्या यकृतावर त्यांच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने हल्ला केल्याच्या खुणा दिसल्या. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली की ही खरी गुळवेल नसावी, तिच्याच कुळातली टिनोस्पोरा क्रिस्पा ही वेल चुकून वापरली गेली असावी. पुढच्या वर्षी देशभरातल्या रुग्णालयांतून अशाच ४३ रुग्णांची नोंद एकत्र प्रसिद्ध झाली आणि वाद आणखी पेटला.

या दोन नोंदी एकमेकींसमोर ठेवून भांडण लावणे फार सोपे आहे, आणि ते लावणारे दोन्ही बाजूंना भरपूर आहेत. मला मात्र त्या एकाच गोष्टीच्या दोन टोकांसारख्या दिसतात. १९९३मध्ये गुळवेलीने पेशींना चेतवले म्हणून रुग्ण वाचले. तीच चेतना, ज्याची प्रतिकारशक्ती आधीच आपल्याच अवयवांवर उठण्याच्या बेतात आहे अशा माणसाला, तीही महिनोन्महिने आणि कुणाच्या देखरेखीशिवाय मिळाली तर काय होईल, याचा अंदाज बांधायला औषधशास्त्राची पदवी लागत नाही. केईएममध्ये मात्रा ठरलेली होती, मुदत ठरलेली होती, रुग्ण निवडलेले होते आणि रक्ताच्या चाचण्या चालू होत्या. २०२०मध्ये यातले काहीच नव्हते, होता तो फक्त काढा.

आधुनिक उपचारांच्या जोडीला वनौषधी वापरण्याचे शास्त्र जे काही आहे, ते या फरकात आहे. प्रस्तुत पुस्तक त्याबद्दल आहे.

या विषयात पहिल्यांदा डोकावणाऱ्याचा गोंधळ उडतो, कारण ‘सोबत’ म्हणून जे काही चालते ते एका प्रकारचे नसते. काही वनौषधी मूळ उपचारांचा त्रास हलका करण्यासाठी दिल्या जातात. कर्करोगाच्या वेदनांसाठी मॉर्फिन सुरू केले की बद्धकोष्ठ हमखास होतो, आणि त्यावर सोनामुखी दिली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत सोनामुखी आहे आणि तिथे ती उपशामक उपचारांच्या विभागातही आहे. केमोथेरपीच्या मळमळीवर आल्याचा प्रयोग अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर झाला. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ५७६ रुग्ण होते. सगळ्यांना उलटी थांबवणारी नेहमीची औषधे होतीच, वर काहींना आल्याच्या कॅप्सूल दिल्या आणि काहींना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी कॅप्सूल. पहिल्या दिवसाची मळमळ आल्याने कमी झाली, आणि गंमत म्हणजे दिवसाला अर्धा ते एक ग्रॅम एवढ्या थोड्या मात्रेने सर्वांत जास्त कमी झाली. दीड ग्रॅमने तेवढा फायदा दिसला नाही. नंतरच्या अभ्यासांचे निकाल एकसारखे आले नाहीत हेही सांगायला हवे. पण प्रश्न कसा विचारावा याचा तो चांगला नमुना आहे.

दुसरा प्रकार मूळ औषधालाच हात देण्याचा. क्षयावरच्या रिफाम्पिसिनसोबत मिरीतले पायपरीन दिले तर ते औषध रक्तात अधिक उतरते, असे जम्मूच्या सीएसआयआर प्रयोगशाळेतल्या संशोधनातून पुढे आले आणि ४५० मिलिग्रॅमच्या जागी २०० मिलिग्रॅम रिफाम्पिसिन असलेली जोडगोळी भारतात बाजारात आली. तिसरा प्रकार आपल्या घरांत सर्वाधिक आढळतो. तो म्हणजे एकाच आजारावर दोन औषधे समांतर घेणे. मधुमेहाची गोळी चालू असते आणि सकाळी कारल्याचा रसही असतो. या तिसऱ्या प्रकाराबद्दल पुढे बोलू, कारण खरी अडचण तिथे आहे.

आणि एक चौथा प्रकार ‘सोबत’ या नावाखाली आत शिरतो. कर्करोग झाल्यावर फक्त पर्यायी उपचार निवडलेल्या २८१ रुग्णांचा अभ्यास अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१८मध्ये मांडला. प्रचलित उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्या मृत्यूचा धोका अडीचपट होता. याचे आश्चर्य वाटत नाही. मन अस्वस्थ करणारा निष्कर्ष त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासाचा होता. जे रुग्ण दोन्ही घेत होते, त्यांच्यातही शस्त्रक्रिया, केमो किंवा किरणोपचारांपैकी काहीतरी नाकारण्याचे प्रमाण अधिक होते आणि मृत्यूही अधिक होते. म्हणजे औषधाने अपाय केला असे नाही, तर ‘सोबत’ म्हणून सुरू झालेले हळूहळू ‘ऐवजी’ होत गेले. आपल्याकडेही ‘आधी तीन महिने हे करून पाहू’ या वाक्याने स्तनातली छोटी गाठ किती मोठी होऊ शकते, हे कुठल्याही शल्यविशारदाला विचारावे.

इतिहासाकडे वळल्यावर एक गोष्ट लगेच लक्षात येते. औषध ‘कशाबरोबर’ घ्यायचे हा प्रश्न आयुर्वेदाला मुळीच नवा नाही. अनुपानाची सगळी कल्पना त्यावर उभी आहे. एकच चूर्ण मधाबरोबर, तुपाबरोबर किंवा ताकाबरोबर दिले तर वेगवेगळे काम करते, हे वैद्य धरूनच चालतो. पथ्य आणि विरुद्ध आहार यांचा विचारही त्याच जातीचा. फक्त त्या ग्रंथकारांच्या समोर मधुमेहावरचे मेटफॉर्मिन नव्हते आणि रक्त पातळ करणारी वॉरफरिन नव्हती. आज ती पोकळी भरायची आहे आणि ग्रंथवचन सांगून ती भरणार नाही.

दोन वैद्यकांची गाठ आपल्या किनाऱ्यावर फार लवकर पडली. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचे इथल्या औषधींवरचे संवादरूप पुस्तक १५६३मध्ये गोव्यातच छापले गेले. पुढच्या शतकात डच अधिकारी व्हान र‍ेडे याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा १२ खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमहून काढला. त्याच्या माहितीची खातरजमा करणाऱ्यांत इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पुभट हे तीन कोकणी वैद्य होते. मुंबईत विल्यम डिमॉकने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पश्चिम भारतातल्या औषधी वनस्पतींची मोजदाद केली. ही सगळी देवाणघेवाण बहुतांशी एकतर्फी होती. वनस्पती त्यांनी घेतल्या, त्यांच्यामागचा विचार इथेच राहिला.

विसाव्या शतकात तो विचार संघटित झाला. शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने १९०७मध्ये नाशिकला अखिल भारतीय आयुर्वेद महासंमेलनाची सुरुवात झाली. त्यांचे ‘आर्यभिषक्’ कित्येक मराठी घरांत पंचांगाशेजारी असे. १९३८च्या कायद्याने मुंबई इलाख्यात वैद्य-हकिमांची सरकारदरबारी नोंदणी सुरू झाली. मग वाद सुरू झाला तो शुद्ध आणि मिश्र आयुर्वेदाचा. वैद्याला शरीरशास्त्र आणि शस्त्रक्रिया शिकवावी की नाही, इंजेक्शन टोचू द्यावे की नाही, यावर महाविद्यालये, विद्यार्थ्यांचे संप आणि सरकारी समित्या यांची दोन-तीन दशके गेली. दोन्ही वैद्यकांचा संगम व्हावा असे १९४८च्या चोप्रा समितीने सुचवले होते. तसे काही धड झाले नाही, आणि आज गावोगावचे बीएएमएस डॉक्टर प्रत्यक्षात जी प्रॅक्टिस करतात तिला शुद्ध म्हणता येत नाही आणि संगमही म्हणता येत नाही. रुग्णाला ताप उतरवणारी गोळी आणि सितोपलादि चूर्ण एकाच पुडीतून मिळते. ही आपली खरीखुरी एकात्मिक वैद्यकसेवा. तिच्यावर अभ्यास मात्र फारसा कुणी केला नाही.

प्रयोगशाळेतून चाललेली वाट वेगळी. सर्पगंधेची मुळी मनोविकारांवर आणि निद्रानाशावर पूर्वीपासून दिली जाई. तिच्याने रक्तदाबही उतरतो, असे कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१मध्ये लिहून ठेवले होते, पण ते जगाच्या वाचनात आले नाही. १९४९मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचा अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापला आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. तीन वर्षांत स्वित्झर्लंडमध्ये रेसर्पिन वेगळे काढले गेले, १९५७मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला, आणि रेसर्पिनने काहींना खोल नैराश्य येते हेही कळून चुकले. मुळीतून शुद्ध द्रव्य काढायचे, त्याची गोळी करायची आणि वनस्पती विसरून जायची, ही रीत त्यातून पक्की झाली. अडुळशातल्या द्रव्यावरून ब्रोमहेक्झिन आले, सदाफुलीतून विनक्रिस्टिन. ही औषधे आज अ‍ॅलोपॅथीची म्हणून ओळखली जातात आणि ते योग्यच आहे.

या रीतीला वळसा घालणारी माणसेही मुंबईतच निघाली. केईएमच्या औषधशास्त्राच्या डॉ. शरदिनी डहाणूकर मराठी वाचकांना ‘फुलवा’ आणि ‘वृक्षगान’मुळे माहीत आहेत. सुरुवातीला सांगितलेला गुळवेलीचा अभ्यास त्यांच्या चमूचा. मुळातले द्रव्य सुटे न करता वैद्य देतो त्या रूपाच्या जवळ राहून, पण रुग्णालयाच्या कसोटीवर, मूळ उपचार न थांबवता वनस्पतीची परीक्षा घ्यायची, ही त्यांची पद्धत होती. डॉ. अशोक वैद्यांनी त्याला उलट्या दिशेचे औषधशास्त्र म्हटले. माणसांत शतकानुशतके वापरलेले औषध आधी माणसांतच काळजीपूर्वक पाहायचे आणि मग प्रयोगशाळेत न्यायचे. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेला गुडघ्याच्या संधिवाताचा अभ्यास याच वाटेवरचा. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४४० रुग्णांवर २४ आठवडे सुंठ-गुळवेलीचे दोन योग, ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब यांची तुलना केली. वेदना कमी करण्यात आयुर्वेदिक योग बरोबरीचे ठरले. आणि ते घेणाऱ्यांपैकी सात जणांचा यकृताच्या चाचणीतला एसजीपीटी कसलेही लक्षण नसताना वाढला, म्हणून त्यांना अभ्यासातून काढावे लागले. औषध थांबवल्यावर तो उतरला.

म्हणजे करोनाच्या सात वर्षे आधी, गुळवेल असलेल्या योगाने यकृताकडे बोट दाखवले होते. चाचणी केली म्हणून ते दिसले. घरच्या काढ्यात ते कोण पाहणार?

परदेशांत या प्रश्नाची उत्तरे निरनिराळ्या पद्धतींनी शोधली गेली. जर्मनीने १९७८मध्ये ‘कमिशन ई’ नेमून एकेका वनस्पतीचा निवाडा करायला घेतला. ही चालेल, या मात्रेत चालेल, ही चालणार नाही. जपानने १९७६मध्ये काम्पो या आपल्या पारंपरिक औषधांना मोठ्या प्रमाणावर आरोग्य विम्यात घेतले आणि ती एमबीबीएसच्या तोलाच्या डॉक्टरांच्या हातूनच दिली जातात. तरी तिथेही ठेच लागली. यकृताच्या विषाणूजन्य आजारावर इंटरफेरॉनची इंजेक्शने आणि ‘शो-साइको-तो’ हा काढा एकत्र दिल्यावर काही रुग्णांची फुप्फुसे गंभीरपणे सुजली, मृत्यू झाले, आणि नव्वदच्या दशकात सरकारला ही जोडी मना करावी लागली. दोन्ही औषधे एकेकटी मान्यताप्राप्त होती. या क्षेत्रात शिरणाऱ्याने हे उदाहरण गाठीशी बांधून ठेवावे. अमेरिकेने १९९४च्या कायद्याने वनौषधींना औषध न मानता पूरक आहार मानले. बाटलीवरची जबाबदारी त्यामुळे पातळ झाली, आणि आपल्याकडे ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलची भाषा थेट तिथून आली आहे.

आता त्या तिसऱ्या प्रकाराकडे. मी फिजिशियन आहे. माझ्या बाह्यरुग्ण विभागात साठीच्या पुढच्या रुग्णाला मी पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगते. ‘अजून काही औषधे घेता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर येते, म्हणून ही युक्ती. गोळ्यांच्या पाकिटांमागून जांभूळबियांच्या चूर्णाची पुडी निघते, मेथीदाण्याची डबी निघते, अश्वगंधेच्या कॅप्सूलची बाटली निघते, लेकीने अमेरिकेहून पाठवलेली हळदीची गोळी निघते. ‘हे काय औषध आहे होय, डॉक्टर? हे आपलं घरचं.’ त्यांच्या दृष्टीने ते खरेच असते. अंगणातल्या वेलीला औषध म्हणायची सवय आपल्याला नाही.

पण शरीर हा भेद पाळत नाही. १९७९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये इंग्लंडमधल्या एका बाईंची नोंद आली होती. मधुमेहावर क्लोरप्रोपामाइड चालू असताना त्या कारल्याची भाजी खात आणि साखर अपेक्षेपेक्षा जास्त उतरे. भाजीने हे केले, तर रोज ग्लासभर रस आणि ग्लिमेपिराइड यांच्या जोडीचा विचार करावा. पहाटे घामाघूम होऊन उठणारी आजी ‘अशक्तपणा आलाय’ म्हणते आणि घरचे तिला आणखी रस देतात.

साखर उतरण्यासारखे परिणाम निदान ओळखू तरी येतात. फसवे असतात ते पचनसंस्था आणि यकृत यांच्यात घडणारे. आपण घेतलेल्या बहुतेक गोळ्यांची विल्हेवाट यकृतातली काही विकरे लावतात. काही वनस्पती ही विकरे मंदावतात, मग नेहमीच्या गोळीचे रक्तातले प्रमाण वाढत जाते. काही उलट त्यांचा वेग वाढवतात आणि गोळी काम करण्याआधीच संपते. झुरिकमध्ये हृदयाचे प्रत्यारोपण झालेल्या दोन रुग्णांनी मन प्रसन्न राहावे म्हणून ‘सेंट जॉन्स वर्ट’ ही वनौषधी सुरू केली. प्रत्यारोपण टिकवणाऱ्या सायक्लोस्पोरिनची पातळी घसरली आणि शरीर नवे हृदय नाकारू लागले. ते वर्ष २००० होते. आपल्या मिरीतले पायपरीन पहिल्या जातीचे. हळदीतले कर्क्युमिन रक्तात जेमतेम उतरते, आणि पायपरीनबरोबर दिले तर वीसपट उतरते, असे बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८मध्ये दाखवले. तेव्हापासून हळदीच्या कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क घालायची चढाओढ लागली. पण जो दरवाजा कर्क्युमिनसाठी उघडतो तो फिट्सवरच्या फेनिटॉइन आणि रक्तदाबावरच्या प्रोप्रॅनोलॉलसाठीही उघडतो. आणि अशा हळदीच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याची प्रकरणे अमेरिकेत नोंदवली गेली आहेत, ज्यात विशिष्ट जनुकीय ठेवण असलेल्यांचा भरणा जास्त होता. भाजीतल्या चिमूटभर हळदीबद्दल हे चाललेले नाही, हे वेगळे सांगायला नको.

ज्येष्ठमधाचे असेच. खोकल्याला दोन दिवस चघळलेल्या काडीने कुणाचे काही बिघडत नाही. रोज, आठवडेच्या आठवडे घेतले तर ते अंगात मीठ-पाणी धरून ठेवते, रक्तदाब चढवते आणि पोटॅशियम उतरवते. अशा रुग्णाला लघवी होण्याची गोळी आणि डिगॉक्सिन चालू असेल तर हृदयाचा ठेका बिघडायला वेळ लागत नाही. इसबगोल इतके सालस, कोलेस्टेरॉल थोडे उतरवणारे, पण थायरॉइडच्या गोळीबरोबरच घेतले तर तिला आतड्यात अडवून धरते. इथे उपाय सोपा आहे. दोन्हींत काही तासांचे अंतर ठेवले की झाले. अश्वगंधेने थायरॉइडचे संप्रेरक वाढू शकते हे बहुतेकांना ठाऊक नसते. डेन्मार्कने २०२३मध्ये तिच्यावर बंदीच घातली, जी मला अतिरेकी वाटते. पण आपल्याकडे ती झोपेसाठी, ताकदीसाठी आणि जिमसाठी ज्या सढळ हाताने खपते, तेही शहाणपणाचे नाही.

बाटलीत काय आहे हा प्रश्न आणखी वेगळा. अशोकाच्या सालीच्या नावाने खोट्या अशोकाची साल विकली जाते, ही काष्ठौषधीच्या व्यापारातली जुनी गोष्ट. कापून वाळवलेले तुकडे पाहून फरक ओळखणारे दुकानदार कमी उरले आहेत. २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बॉस्टनच्या परिसरातल्या दक्षिण आशियाई दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादने तपासली गेली, त्यांतल्या १४मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. त्यावर आपल्याकडे बराच संताप झाला, परदेशी कटाची भाषाही झाली. शिशाचे प्रमाण मात्र संतापाने कमी होत नाही. दुसऱ्या टोकाला जंगल आहे. कर्करोगावरच्या औषधासाठी लागणारे कॅम्प्टोथेसिन सह्याद्रीतल्या नरक्यात मिळते, हे कळल्यावर महाराष्ट्र-कर्नाटकातल्या डोंगरांतून या झाडाची जी बेसुमार तोड झाली, तिची नोंद वैद्यकाच्या पुस्तकात यायला हवी, नुसती वनखात्याच्या फायलीत नको.

हे सगळे आत्ताच का बोलायचे? कारण औषधांची संख्या वाढली आहे. आमच्या आज्यांच्या पिढीत सुंठीचा काढा पिणाऱ्या माणसाला बहुधा दुसरे कुठलेच औषध नसे, आणि त्या काढ्याचा रोजचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा होता. आज तोच काढा रक्तदाबाची, साखरेची, कोलेस्टेरॉलची आणि रक्त पातळ करणारी अशा चार-पाच गोळ्यांवर पडतो. या जोडीचा अनुभव कुठल्याच आजीकडे नाही, आणि खरे सांगायचे तर बहुतेक वैद्यांकडे आणि डॉक्टरांकडेही नाही. वनस्पतीचे रूपही बदलले आहे. गुळवेलीचे चार बोटे कांड ठेचून केलेला काढा आणि घट्ट अर्काच्या दोन-दोन गोळ्या या एकच गोष्ट नव्हेत. शिवाय मुदत बदलली. परंपरेत ताप उतरला की काढा बंद होई. ‘इम्युनिटी’ला मुदत नसते.

आणि मग ती गप्प बसण्याची गोष्ट. रुग्ण सांगत नाहीत, कारण डॉक्टर रागावतील असे त्यांना वाटते. ही भीती आम्हीच तयार केली आहे. ‘हे सगळे बंद करा’ असे एकदा ऐकलेला माणूस काढा बंद करत नाही, फक्त पुढच्या वेळी पिशवी घरी ठेवून येतो. वैद्यांकडूनही ‘त्या गोळ्यांनी किडनी जाते’ हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. किडनी बहुतेक वेळा साखरेने आणि रक्तदाबाने जाते आणि त्या गोळ्या तिलाच वाचवत असतात. दोन्ही बाजूंच्या या हेकटपणाचे बिल रुग्ण भरतो.

या पुस्तकात वैद्य, फिजिशियन, कर्करोगतज्ज्ञ, औषधशास्त्रज्ञ, वनस्पतिशास्त्रज्ञ आणि औषधाच्या दुकानात रोज उभे राहणारे फार्मासिस्ट यांनी लिहिले आहे. त्यांचे आपापसांत एकमत नाही आणि ते करून घेण्याचा संपादकांनी खटाटोपही केलेला नाही. प्रकृतीनुसार औषध बदलते, म्हणून शंभर जणांना एकच गोळी देऊन केलेली चाचणी आयुर्वेदाला न्याय देत नाही, असे एक वैद्य हिरिरीने मांडतात. प्रकृती ठरवताना दोन वैद्यांचेच जमत नसेल तर चाचणी कशी करायची, असे दुसऱ्या लेखात विचारले आहे. मला स्वतःला पहिल्या मुद्द्यात तथ्य वाटते आणि दुसऱ्यात जास्त वाटते. मात्र चार प्रश्न प्रत्येक लेखकाने स्वतःला विचारले आहेत. ही वनस्पती मूळ उपचारात नेमके काय साधणार आहे? किती द्यायची? कधी थांबवायची? आणि कुणाला मुळीच द्यायची नाही? ज्या वनस्पतीबद्दल या चारही प्रश्नांची बरी उत्तरे मिळाली नाहीत, तिची कीर्ती कितीही मोठी असली तरी तिला इथे शिफारस मिळालेली नाही. वाचकांना लाडक्या काही नावांवर काट मारलेली दिसेल.

काही विषय मुद्दाम बाहेर ठेवले आहेत. पारा आणि धातूंच्या भस्मांचा प्रश्न इतका गुंतागुंतीचा आहे की त्याला वेगळे पुस्तक हवे. गर्भवती आणि लहान मुलांबद्दलही इथे काही नाही. बाळगुटीत उगाळल्या जाणाऱ्या वेखंडातल्या असॅरोनमुळे अमेरिकेने १९६८मध्येच वेखंडाला अन्नपदार्थांतून हद्दपार केले, तर आपल्याकडे ते सहाणेवर आहेच. या दोन्हींच्या मधले अंतर दोन पानांत निकाली काढणे बरे नव्हे. आजार कोणता, त्यावर काय घ्यावे, अशी यादीही या पुस्तकात नाही. तशी पुस्तके बाजारात भरपूर आहेत.

शेवटच्या पानांवर एक तक्ता आहे. त्यात डाव्या बाजूला डॉक्टरांच्या गोळ्या आणि उजव्या बाजूला बाकी सगळे लिहायचे. काढे, चूर्णे, रस, परदेशातून आलेल्या कॅप्सूल, सगळे. पान कापून पाकिटात ठेवता येईल असे आखले आहे आणि दवाखान्यात जाताना, वैद्याकडे जाताना, दोन्हीकडे ते न्यायचे आहे. त्यातला ‘केव्हापासून’ हा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात असा आमचा अनुभव आहे. तो भराच, कारण कावीळ घेऊन कुणी आले तर यकृताचा डॉक्टर पहिली चौकशी तिथूनच करतो.